धुऱ्यावरचा पाय

ज्या दिवसांत आमच्या घरी दामिनीच्या पायाले रोज तेल लागे, त्याच दिवसांत माह्या पायाच्या बोटाबोटांत चिखल्या झाल्या होत्या. हे मी पहिलेच सांगून ठेवते. पुढं मी काय केलं ते ऐकून कोणी मले साधीभोळी समजू नये.

दामिनी माही नणंद. एकोणीस वर्षांची. तीन हजार मीटर स्टीपलचेज पळते. म्हणजे साडेसात फेऱ्या, वाटेत अडीच फूट उंचीचे अडथळे, अन् दर फेरीत एक अडथळा असा का त्याच्या पलीकडं बारा फूट लांब पाण्याचा खड्डा. हे मले कोणी समजवाले नको. लग्नाआधी मी बी हेच पळत होती. मी मंजुषा, पवनीची, कोष्ट्याची पोरगी. विद्यापीठात दुसरी आली होती. आमच्या मैदानावर पाण्याचा खड्डा नव्हता, तर सर लोकं लाकडी ओंडक्यापलीकडं खोदून ताडपत्री अंथरत अन् टँकरचं पाणी सोडत. पाणी दुपारपर्यंत नुसता गाळ होऊन जाई, तरी मी उड्या मारत राहे.

लग्नाच्या बैठकीत माहे सासरे सेवकराम, त्याईले मी मामाजी म्हणते, साऱ्यांसमोर बोलले होते का पोरगी पळन, आम्ही अडवणार नाही. अन् खरंच कोणी अडवलं नाही. लग्न झालं तशी रोवणी आली, रोवणीमागं कापणी, मंग पोरगी झाली, पोटाले टाके पडले. माहे खिळ्यांचे बूट लोखंडी पेटीत पडून राहिले. एक दिवस दामिनीनं ते काढले, पायात घालून पाह्यले अन् म्हणली, वहिनी, तुहा अन् माहा नंबर एकच आहे. त्या दिवसापासून ते तिचे झाले.

शिकवली मीच. दिघोरीच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सकाळी सकाळी तिच्या मांगं मांगं पळायची अन् मोबाइलवर वेळ लावायची. पोरीचा दम चांगला होता. अन् उडी तर अशी का सारं गाव पाहे. दोन-अडीच फुटांचा धुरा ती एका झपाट्यात पार करे, धुऱ्याले तिचं नख लागत नसे.

ते का लागत नसे, तेही सांगते. आमच्याकडं धानाच्या शेताचे तुकडे असतात, बांध्या म्हणतो आम्ही. चारही बाजूंनी मातीचा धुरा, मधात पाणी. रोवणीच्या आधी धुऱ्याले ओला चिखल लिंपतात. त्या ओल्या धुऱ्यावर पाय पडला का तो खचते, अन् वरच्या बांधीतलं पाणी भसकन खालच्या बांधीत. तलावाचं पाणी पाळीपाळीनं भेटते, गेलं का गेलं. म्हणून माही सासू शेवंताबाई पोरीच्या पोटऱ्यांवर तरोट्याची काडी ओढे. धुरा उडून जायचा, त्यावर पाय द्यायचा नाही. चालाले शिकली तेव्हापासून दामिनीले हेच शिकवलेलं.

मले कोण शिकवणार? पवनीत आमच्या घरी हातमाग होता. माहा पाय वाढला तो बापाच्या मागाच्या पावडीवर. पाहायचं वर धाग्याकडं अन् पायानं दाबायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच रोवणीत डोक्यावर जेवणाची टोपली घेऊन मी धुऱ्यावर पाय दिला अन् धुरा फुटला. आमचं पाणी खालच्या परसरामच्या बांधीत गेलं. रोवणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून हासल्या. पवनीवालीले धुरा अन् रस्ता एकच, असं सत्यभामा बोलली. सत्यभामा म्हणजे त्या बायांच्या टोळीची मुख्य. चार वर्षं झाली, तिच्या तोंडी माहं नाव मंजुषा नाही, पवनीवाली आहे.

आता मुद्द्याचं. पाण्याच्या अडथळ्यावर पाय द्यावाच लागते. एक पाय वरच्या लाकडावर, अन् तिथून ढकलून देऊन लांब पडायचं. नुसतं उडून गेलं तर माणूस अडथळ्याच्या बुडाशीच पडते, जिथं पाणी सर्वात खोल. दामिनी धुऱ्यासारखीच उडून जाईन हे मले तीन वर्षं माहीत होतं. मी सांगतलं नाही. मनाले समजवलं का इथं खड्डाच नाही तर दाखवू कसं. पण खरं असं होतं का सारंच तर तिनं घेतलं होतं, एवढं एक माह्याजवळ राहावं असं मले वाटे.

पाण्यावर तशीच उडत, नुसत्या दमाच्या जोरावर ती राज्यात पहिली आली, देशात दुसरी आली, अन् जपानात जागतिक ज्युनिअर स्पर्धा होती त्यात तिची निवड झाली. दिघोरीच्या बसथांब्यावर फ्लेक्स लागला. मधात दामिनी, बाजूले मामाजी, सासूबाई, माहा नवरा अंकुश, अन् खाली अशा अशा माणसांचे फोटो ज्याईनं तिले कधी पळताना पाह्यलं नव्हतं. लाखांदूरहून पेपरवाला आला तेव्हा सारे अंगणात ओळीनं उभे राहिले. मी पण पदर नीट करून कडेले उभी राहिली. सासूबाई म्हणल्या, चहा ठेव वो जरा. मी चहा घेऊन आली तोपर्यंत फोटो झाला होता.

घरात तिच्यासाठी अंडी येत, साजूक तूप येई. तिच्या पायाले काही लागू नये म्हणून तिले बांधीत उतरू देत नसत. रोज सांजच्याले सासूबाई तिचे पाय मांडीवर घेऊन तेल चोळत अन् मी भांडे घासत ते पाहे. माह्या पोटात दुखे. दुसरं नाव नाही त्याले.

त्या साली पावसानं ताण दिला. पऱ्हे, म्हणजे रोवायची धानाची रोपं, वाफ्यातच जुनी होऊन राहिली होती. दामिनी शिबिराले गेली, तिथूनच विमानानं जाणार होती. इकडं तलावाचं पाणी सुटलं तशी साऱ्या गावाची रोवणी एकदमच निघाली. टोळी कोणाले भेटेना. सत्यभामानं मोठ्या मुश्किलीनं आम्हाले तीन दिवस दिले. बुधवारपासून शुक्रवार. पाण्याची आमची पाळी बुधवारपासून गुरुवारच्या सांजेपर्यंत. मामाजी म्हणले, घरच्या बाईनं दोन पाती, म्हणजे दोघींच्या ओळी, धरल्या तरच अडीच एकर उरकन. घरची बाई म्हणजे मी. दामिनीची पात बी मीच धरायची.

बुधवारी सकाळी साडेसहाले तिची पहिली शर्यत होती. आम्ही बांधीवरच होतो. नवऱ्यानं मोबाइल कुदळीले टेकवून धुऱ्यावर ठेवला. मामाजी, सासूबाई, मी, मांगं सत्यभामा. एवढ्याशा पडद्यावर पंधरा पोरी, त्यात आमची निळ्या कपड्यातली. तीन फेऱ्या चांगल्या झाल्या. पाण्यावर ती पाय देत होती, शिबिराच्या सरांनी शिकवलं असन. पण मले दिसत होतं, नुसतं बोटांचं टोक टेकवे अन् चटका बसल्यासारखं उचले. चौथ्या फेरीले थकली तशी ते बी विसरली. पाय वर नेला अन् शेवटच्या घडीले ओढून घेतला. अडथळ्याच्या बुडाशी पडली, पाण्यात पार कमरेपर्यंत, एका गुडघ्यावर.

सासूबाईच्या हातातली पऱ्ह्याची पेंढी खाली पडली. अन् मले बरं वाटलं. खोटं कायले बोलू? एक घडीभर छातीत थंडगार वाटलं, बस.

ती उठली. पळाली. तिचा नंबर लागला नाही, पण वेळेच्या हिशोबानं सर्वात शेवटची म्हणून अंतिम फेरीत गेली. शर्यत शुक्रवारी, आपल्या घड्याळात दुपारी दोनले.

दुपारी जेवाले बसलो तं तिचा फोन आला. नवऱ्याशी बोलली, आईशी बोलली, मंग म्हणली वहिनीले द्या. मी थोडी दूर गेली.

"वहिनी, पाय ठरत नाही," ती म्हणली. "सर म्हणतात तू भिते. मी भीत नाही वो. पाय आपोआपच वर येते. तू कशी ठेवत होती?"

मले माहीत होतं पाय काहून वर येते. साऱ्या जपानात अन् साऱ्या दिघोरीत ते एकट्या मलेच माहीत होतं. मी म्हणली, तुह्या सरले विचार, मी चिखलात आहे, अन् फोन ठेवून दिला.

त्या दिवशी मी दोन पाती रोवल्या अन् कंबर दुखली नाही. रात्री जेवण गेलं नाही, ते वेगळं.

गुरुवारी उन्हानं पाणी तापलं होतं. वाकून रोवताना वाफ तोंडावर येई. चिखल्यांत पाणी गेलं का आग होई, म्हणून मी बोटांत चिंध्या बांधल्या होत्या. बारा बाया एका ओळीत, डाव्या हातात पेंढी, उजव्या हाताचा अंगठा चिखलात, एक एक पाऊल मांगं. मांगच्या मांगं सरकत बोलणं चालू होतं. कोणी म्हणली, पडली म्हणे तुमची दामिनी. कोणी म्हणली, पाण्यात पडाले एवढं विमानानं जावं लागते काय, इथं तलाव नव्हता काय? साऱ्या हासल्या. मी बी हासली.

मंग सत्यभामा मान वर न करता बोलली, "पडनच ना. पवनीवालीनं शिकवली तिले. जिले धुरा समजला नाही, ती काय उडी शिकवन?"

सासूबाई धुऱ्यावर पेंढ्या फेकत होत्या. मले वाटलं, आता त्या काही बोलतीन. त्या म्हणल्या, "मले बी तेच वाटते वो. आमची पोरगी आधी कधी पडली नव्हती."

माह्या अंगाचा तिळपापड झाला. ती जिंकन तं सरांची, आईबापाची, साऱ्या गावाची. अन् पडन तं माही. दामिनीवर दया आली म्हणून मी पुढचं केलं असं कोणाले वाटत असन तं वाटू द्या. मी ते केलं कारण ते पडणं मले माह्या नावावर नको होतं.

मी हातातली पेंढी तिथंच सोडली. नवरा वरच्या धुऱ्यावर चिखल लिंपत होता. त्याच्याजवळ जाऊन म्हणली, बहिणीले फोन लावा, तोंड दिसते तसा. त्यानं विचारलं, काहून? मी म्हणली, लावा. त्यानं माह्या तोंडाकडं पाह्यलं अन् लावला.

आमच्या शेवटच्या बांधीच्या खाली परसरामची बांधी. त्याची पाळी यायची होती, त्याची जमीन कोरडी अन् कडक. तिकडून आमचा धुरा अडीच फूट भरे. अन् धुऱ्याच्या अलीकडं आमचं भरलेलं पाणी. देवानंच खड्डा बनवून ठेवला होता. मी नवऱ्याले धुऱ्याच्या कडेले उभं केलं अन् सांगतलं, मोबाइल खाली धरा, माहे पाय दिसले पाहिजेत. दामिनी तिकडं पलंगावर बसली होती, गुडघ्याले पट्टी.

"पाह्यजो," मी म्हणली. "दोनदा विचारशील तं सांगणार नाही."

साडी गुडघ्याच्या वर खोचली. बोटांच्या चिंध्या काढून फेकल्या. परसरामच्या बांधीतून तीस पावलं मांगं गेली. चार वर्षांनी उडीसाठी पळत होती. पोट हालत होतं, टाक्यांच्या जागी ओढ बसत होती. पण धुरा जवळ आला तशी पावलं आपोआप मोजली गेली. डावा पाय धुऱ्यावर, तळवा कडेवर, बोटं पलीकडं. गुडघा मोडला, धुरा मांगं ढकलला, अन् मी पाण्यात. धुरा भसकन फुटला. पाणी परसरामच्या बांधीत धावलं.

बाया उभ्या झाल्या. सासूबाईनं नुसता हात वर केला.

"धुरा फुटते ना वहिनी," फोनमधून दामिनी म्हणली. तिचा आवाज घाबरला होता.

"हो, फुटते. म्हणूनच तुहा पाय वर येते. तुह्या आईनं काडीनं शिकवलं तुले. तिथला अडथळा लाकडाचा आहे. तो फुटत नाही, अन् फुटला तरी तुह्या बापाचा नाही. दाब त्याले. खाली पाहू नको. वर उभी राहू नको, बसल्यासारखी जा अन् मांगं ढकल."

मी फिरून गेली. दुसरी जागा धरली. पुन्हा उडी, पुन्हा धुरा खचला. तिसऱ्या वेळी धुऱ्याची माती जरा सुकी होती. तिथं कड तेवढी ढासळली अन् माहं पाऊल वर उमटून राहिलं, टाच, तळवा, पाचही बोटं. तोपर्यंत तिन्ही वाटांनी पाणी चाललं होतं अन् वरच्या बांधीतून मामाजी फावडा घेऊन पळत येत होते.

दामिनी म्हणली, समजलं. अन् फोन बंद केला. धन्यवाद नाही, काही नाही.

मामाजी शांत माणूस. त्याईनं आवाज चढवला नाही. फावडा माह्या पायाशी टाकला अन् साऱ्या बायांसमोर म्हणले, "चार वर्षं झाली, सूनबाई. धुरा समजला नाही तुले."

मी फोनवर दामिनीले काय दाखवत होती, ते नवऱ्यानं सांगतलं. मामाजी म्हणले, पाणी गेलं ना पण. ते बी खरंच होतं. दोन वाटा आम्ही तेव्हाच बुजवल्या, तिसरीले नुसता दगड लावला, पण शेवटच्या बांधीत पाणी राहिलंच नाही. सांजेले आमची पाळी संपली. तेवढी बांधी पुढच्या पाळीपर्यंत, आठ दिवस, पडीक राहणार होती. पऱ्हे आणखी जुने होणार होते. परसराम तेवढा खुश होता.

शुक्रवारी दोनले आमच्या अंगणात अर्धं गाव. कोणाच्या तरी घरून मोठा टीव्ही आणून त्याले मोबाइल जोडला होता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पहिल्या फेरीत दामिनी सर्वात मांगं. पहिला पाण्याचा अडथळा आला अन् माह्या डाव्या पायाची बोटं जमिनीवर दबली. तिनं पाय दिला. पूर्ण. तळवा कडेवर. बाहेर पडली तेव्हा पाणी तिच्या घोट्यापर्यंतच होतं. दुसरा. तिसरा. चौथ्याले, जिथं परवा पडली होती, तिथं तिनं दोघीले मांगं टाकलं. मी मोजत होती. सातपैकी सातही वेळा पाय बसला. आठवी आली. जगात आठवी, अन् तिच्या जुन्या वेळेपेक्षा अकरा सेकंद कमी.

मामाजी टॉवेलानं डोळे पुसत बसले. सासूबाई साऱ्याले सांगत होत्या का पोरगी लहानपणापासूनच अशी धुरे उडे. शर्यत संपल्यावर कोणीतरी तिच्यापुढं माईक धरला, पाण्याच्या उडीबद्दल विचारलं. सरांनी मेहनत घेतली, असं ती म्हणली. सारे टाळ्या वाजवत होते. नवऱ्यानं एकदा माह्याकडं पाह्यलं अन् पेढ्याचा डबा उघडला.

सांजेले फोन आला. तिनं मलेच मागितलं.

"वहिनी, तुहं नाव नाही घेतलं. सर बाजूलेच उभे होते."

"पाह्यलं मी."

"राग आला काय?"

"आला," मी म्हणली.

तिनं विचारलं, धुरा बुजवला काय? मी सांगतलं, दोन जागी बुजवला. तिसऱ्या जागी माहं पाऊल आहे. ते तू येऊन पाहशील, मंग बुजवीन.

सहा दिवस सासूबाई त्या भगदाडावरून बोलत राहिल्या. पाणी सुटाले आलं, सूनबाईले दिसत नाही काय, असं येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगत. मी ऐकून घेतलं. रोज सकाळी जाऊन पाहे. पावलाच्या कडा उन्हानं कडक झाल्या होत्या. बांधीतला चिखल वाळला होता, अन् जिथं मी पडली होती तिथली खूण बी तशीच होती. फावड्याच्या दांड्यानं मोजलं. धुऱ्यापासून नऊ फूट.

दामिनी आली ती बुधवारी. बसथांब्यापासून घरापर्यंत डफडे, गुलाल, हार. सरपंचाचं भाषण झालं. फोटो झाले. ह्या वेळी मले कोणी चहा ठेवाले पाठवलं नाही, मी आपणहूनच आत राहिली. माणसं पांगल्यावर ती मांगच्या दारानं आली, अंगावर तोच निळा कोट, केसांत गुलाल. म्हणली, चाल, दाखव.

उन्हं उतरली होती. फावडा मी संगं घेतलाच होता, दुसऱ्या दिवशी आमची पाळी. ती धुऱ्यापाशी उकिडवी बसली अन् पावलाकडं पाह्यलं. बोटानं टाचेची कड चाचपली. मंग बांधीतली खूण पाह्यली अन् किती म्हणून विचारलं. मी म्हणली, नऊ. साडीत अन् चिखलात.

तिनं बूट काढले. कोट काढून माह्या खांद्यावर टाकला. परसरामची रोवणी बाकीच होती, आमचं गेलेलं पाणी जिरून त्याची बांधी पुन्हा वाळली होती. ती तिकडून मांगं मांगं गेली. सासूबाई मांगून येऊन राहिल्या होत्या, त्या दुरूनच ओरडल्या, दामिने, धुऱ्यावर पाय देऊ नको. दामिनी पळत आली, माह्या पावलावर तिनं आपला पाय ठेवला, बरोबर त्यातच, अन् उडाली. उरलेला धुरा बी खाली बसला.

मी दांडा टाकून मोजलं. एकदा मोजलं, मंग उलटीकडून मोजलं.

"किती?" तिनं विचारलं.

"साडेनऊ."

ती हासली, अन् माह्या पोटात पुन्हा तसंच दुखलं. सासूबाई जवळ येऊन पोहोचल्या होत्या अन् दोघीले बी शिव्या देत होत्या. पलीकडं अजून दहा-बारा हात साबूत धुरा होता. मी तिचा कोट तिच्या हातात दिला, फावडा बाजूले ठेवला अन् साडी खोचली.